पाऊण चोक तीन

पूर्णत्वाविषयी मराठी माणसाला मुळातच फारशी आस्था नसावी, असा संशय यावा इतका त्याचा संसार पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच या अपुऱ्या किंवा किंचित ओसंडलेल्या संख्यांनी व्यापलेला आहे. त्याचे मुहूर्त साडेतीन, त्याची शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतील त्याचे शहाणे साडेतीन. देवापुढे ठेवायची दक्षिणा सव्वा रुपया. त्याच्या बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो, आणि त्याच्या शेजारी राहणारा गृहस्थ हटकून दीडशहाणा असतो. अशा समाजात अपूर्णांकाला पूर्णांकाने गुणण्याचे गणित हे शालेय पुस्तकातील एक प्रकरण म्हणून जन्मास आले असेल, हे मला तरी संभवनीय वाटत नाही. ते आधी ओसरीवर, पेढीवर आणि चावडीवर नांदत होते; पुस्तकात ते फार उशिरा, आणि बरेचसे अंग चोरून शिरले.

दिवेलागणीला शुभंकरोती आटोपल्यावर घरातील मुलांना भिंतीशी ओळीने बसवून जो परवचा म्हणवून घेतला जाई, त्यात साध्या पाढ्यांची पलटण पुढे निघून गेल्यावर मागून सात जणींची जी खाशी स्वारी येई, ती म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. या प्रत्येकीचा स्वभाव निराळा. निमकी न्यायी, कोणताही आकडा समोर उभा राहिला की त्याचे दोन समसमान वाटे करून ती मोकळी होते, आणि विषम आकडा आला तरी एका अर्ध्यापलीकडे तिला काही चिकटत नाही. पावकी काटकसरी, चार आकडे खर्ची पडल्याखेरीज ती एक पूर्णांक हातावर ठेवायची नाही. पाऊणकीची चाल सर्वांत मोहक, कारण पाऊण, दीड, सव्वादोन अशी तीन पावले डुलत टाकून चौथ्याला ती तीन या भरीव जमिनीवर पाय टेकते, तेथे क्षणभरही विसावा न घेता पावणेचार, साडेचार, सव्वापाच करीत सहाच्या शोधात निघते, आणि मुलांच्या माना आपोआप तिच्या तालावर हलू लागतात. औटकी साडेतीनची, म्हणजे वडील आणि अंगाने थोराड. औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस अशी ती एकाआड एक पूर्णांकावर हात टेकीत चढत जाते. मात्र ती सर्वांत शेवटी येई आणि तिच्या सुमारास स्वयंपाकघरातून पाने मांडल्याचा आवाज येऊ लागे. त्यामुळे तिच्या मधल्या पायऱ्या नेमक्या कोणत्या, याविषयी अनेक कर्तबगार पुरुष अखेरपर्यंत साशंक राहिले असले पाहिजेत.

सवायकी आणि दिडकी या दोघींचा कुळवाड्याने जो धसका घेतला होता, त्याचे कारण वेगळे. आषाढात घरातील कणगी रिकामी झाली की सावकाराकडून धान्य आणायचे ते सवाईने किंवा दिढीने. आणलेल्या आठ पायल्यांच्या सुगीला सवाईने दहा आणि दिढीने बारा पायल्या मोजून द्यायच्या. पाटीपेन्सिल आयुष्यात कधी हाती न धरलेला कुणबी हा हिशेब खळ्यावर उभ्याउभ्या करी, आणि सावकाराचा कारकून तोच हिशेब कीर्दखतावणीत उतरवून घेई. फरक इतकाच, की कुणब्याचे उत्तर बरोबर असूनही कारकुनाचे ग्राह्य धरले जाई.

या साऱ्या उद्योगाला ‘अपूर्णांकांचा पूर्णांकांशी गुणाकार’ म्हणतात, ही वार्ता परवचा म्हणणाऱ्या मुलांच्या कानी कोणी घातली नाही, हे त्या मुलांचे थोर भाग्य होय. ती कानी गेली असती, तर निम्मी मुले पावकीपाशीच ज्वराने अंथरुणाला खिळली असती.

आणखी एक गोष्ट या सात जणींच्या नावांवरून ध्यानात येते. त्यांत तृतीयांशाला कोठेही शिरकाव नाही. आमच्या पूर्वजांना निम्मे करणे ठाऊक होते, आणि निम्म्याचे पुन्हा निम्मे करणे तर त्याहूनही उत्तम ठाऊक होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली अशी त्यांची सारी मापे दुपटीने वाढत किंवा निम्म्याने घटत गेलेली आहेत. तीन भाग करण्याचा प्रसंग आलाच तर तो भावाभावांच्या वाटणीतच यायचा, आणि तेथे पाढ्यापेक्षा वकील अधिक उपयोगी पडतो, असा त्यांचा अनुभव असावा.

आता गणितशास्त्र असे सांगते, की पाऊण चार वेळा घेतले काय आणि चारांचा पाऊण हिस्सा घेतला काय, उत्तर तीनच यायचे. गुण्य आणि गुणक यांनी परस्परांच्या जागा बदलल्या तरी गुणाकारात तिळमात्र अंतर पडत नाही. शास्त्रापुरते हे बिनतक्रार मान्य आहे. परंतु ज्याला पाऊण रुपया चार खेपांना मिळतो तो तीन रुपयांची प्राप्ती झाली म्हणून घरी पेढे नेतो, आणि ज्याच्या चार रुपयांतील पाऊण हिस्सा त्याच्या हाती ठेवला जातो तो एक रुपया बुडाला म्हणून वर्षभर अर्ज करीत राहतो. दोघांच्याही हाती रुपये तीनच असतात. सरकारी नोकरांच्या रजेच्या नियमांत हा मनोव्यापार फार सुबक रीतीने गोवलेला आहे. दर पूर्ण वर्षाच्या सेवेबद्दल नोकराच्या खाती वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. आजारपणाचा दाखला जोडून त्याने ती पूर्ण वेतनावर मागितली, तर तिची परिवर्तित रजा होते, आणि दर दिवसामागे दोन दिवस खर्ची टाकले जातात. म्हणजे निमकीप्रमाणे विसाचे दहा. आस्थापना शाखेच्या नोंदवहीत या व्यवहारात कोणाचेही काही गेलेले नसते, कारण अर्धे वेतन गुणिले वीस आणि पूर्ण वेतन गुणिले दहा यांचा रुपया-पैशांत मेळ अचूक बसतो; पण आपले वीस दिवस गेले आणि हाती दहाच लागले, ही रुखरुख उराशी बाळगीत सेवानिवृत्त झालेली माणसे निवृत्तिवेतन घ्यायला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू येतात.

गुणले म्हणजे वाढले पाहिजे, हा जो आपल्या सर्वांचा बाळबोध समज आहे, तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे. पाऊणाने गुणल्यावर चार घटतो, हे ऐकून बालकाच्या मुखावर विश्वासघाताची जी छटा उमटते, ती पुढे प्रौढपणी पगारपत्रकातील कपातीचा रकाना वाचतानाच पुन्हा दिसते.

शाळेतील पुस्तकाने या प्रकरणात अंश आणि छेद नावाची दोन पात्रे आणली, आणि त्यांच्यामध्ये एक आडवी रेघ ओढून ठेवली. नियम असा, की पूर्णांकाने गुणायचे ते केवळ अंशाला; छेदाच्या वाटेला जायचे नाही. कारणही सरळ आहे: छेद हा तुकड्यांचा आकार सांगतो, अंश त्यांची संख्या सांगतो, आणि चार वेळा घेतल्याने तुकडे वाढतात, त्यांचा आकार बदलत नाही. परंतु समतेची उपजत जाणीव असलेल्या मुलाला एकाला गुणायचे आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचे हा पंक्तिप्रपंच सहन होत नाही. तो उदारपणे दोघांनाही चारांनी गुणतो. तीन चतुर्थांशाचे मग बारा षोडशांश होतात; आकडे भरघोस दिसतात, पाटी भरून जाते, मुलाला कृतकृत्य वाटते, आणि मास्तरांनी अतिसंक्षिप्त रूप द्यायला सांगितले की पुन्हा तेच तीन चतुर्थांश समोर येऊन उभे राहतात. इतका खटाटोप करून मूळ जागेवर नेणारी दुसरी चूक गणितात विरळाच सापडेल.

ती चूक मानून मुलाला वर्गात उभे करतात, हे मात्र मला अन्यायाचे वाटते. कारण मुलाने जे पाटीवर केले तेच राज्याचा खजिना वर्षानुवर्षे अत्यंत गांभीर्याने करीत आला आहे. वेतन हा अंश आणि बाजारभाव हा छेद असे धरले, तर महागाई भत्त्याच्या प्रत्येक हप्त्याने अंशाला गुणले जाते. हप्ता जाहीर झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली रे आली, की वाणी, घरमालक आणि शिकवणीचे मास्तर तेवढ्याच तत्परतेने छेदाला गुणतात. आणि पहिल्या तारखेला गृहिणी जेव्हा अतिसंक्षिप्त रूप देते, तेव्हा मूळचे तीन चतुर्थांश जसेच्या तसे हाती लागतात. सरकारी भाषेत याला सुधारित वेतनश्रेणी म्हणतात.

छेदाचे हे माहात्म्य भास्कराचार्यांनी जाणले होते. शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली जन्मलेल्या, आणि ज्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आजही खानदेशात चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे अशा या आमच्या गणितीने ‘लीलावती’त असे सांगून ठेवले, की ज्या राशीला छेद नाही तिच्याखाली एक हा छेद कल्पावा. म्हणजे वरवर स्वयंपूर्ण आणि निरुपाधिक दिसणाऱ्या प्रत्येक पूर्णांकाच्या खाली एक हा छेद गुप्तपणे बसलेला असतोच. स्वतःला पूर्णांक समजणाऱ्या माणसांच्या घरीही अशी एक व्यक्ती असते, आणि ती कोण हे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच ग्रंथात अपूर्णांकाच्या अपूर्णांकाचे जे उदाहरण आहे ते एका कंजूष धनिकाचे. याचक दारी आला तेव्हा या गृहस्थाने त्याला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चतुर्थांश दान केला. तर वत्सा, त्याने कवड्या किती दिल्या ते सांग. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म, या कोष्टकाने हिशेब केला असता द्रम्माचा एक हजार दोनशे ऐंशीवा भाग, म्हणजे नेमकी एक कवडी येते. आठशे वर्षांहून अधिक काळ विद्यार्थी हे उदाहरण सोडवून पुढे जात आहेत. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने ‘लीलावती’ फारसीत उतरवली. मला मात्र वाटते की उदाहरण त्या एका कवडीपाशी संपत नाही. याचकाने चिकाटी सोडली नाही आणि तो रोज त्याच दारी उभा राहिला, असे धरावे. कंजुषानेही वचनाला जागून रोज तितकीच कवडी दिली, असेही धरावे. तर एक बाराशेऐंशांश गुणिले बाराशेऐंशी या न्यायाने पूर्ण द्रम्म त्याच्या पदरी पडायला लागणारा काळ साडेतीन वर्षांहून दोन-तीन दिवसच अधिक भरतो. हिशेब लीलावतीचा, आणि उत्तरात आमचे साडेतीन! खानदेशच्या हवेतच काही असले पाहिजे.

साडेतिनाचा हा गुणाकार आमच्या बोलीत आणखीही एके ठिकाणी दडून बसला आहे. कोणाला अल्पकाळ अधिकार मिळाला, की त्याला औट घटकेचा राजा म्हणण्याचा प्रघात आहे. पण हे राज्य घड्याळाप्रमाणे किती चालते, याची चौकशी करण्याचे भान ना राजाला राहते ना प्रजेला. घटका चोवीस मिनिटांची. औटकी किंवा चोवीसचा पाढा, जे अंगवळणी असेल ते वापरावे. उत्तर चौऱ्याऐंशी मिनिटे, म्हणजे दीड तासाला सहा मिनिटे कमी. संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षस्थानी बसवलेल्या पाहुण्याला साधारण इतकाच वेळ मिळतो, त्यामुळे वाक्प्रचार घडविणाऱ्याने मापन करूनच तो घडविला असावा.

दीडशहाण्यांच्या बाबतीत दिडकी चालत नाही, ही नोंदही येथे करून ठेवली पाहिजे. नियमाप्रमाणे दोन दीडशहाणे एकत्र आले की तीन शहाणे व्हावेत, आणि सात जणांची समिती नेमली तर साडेदहा. पेशवाईला साडेतिनांवर राज्य चालवावे लागले, हे ध्यानात घेता कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत त्या काळच्या पुणे दरबाराच्या तिप्पट शहाणपण नांदत असले पाहिजे. पाण्याच्या टाकीचा प्रश्न तरीही सुटत नाही.

साडेसाती मात्र अडीचकीला काटेकोरपणे मानते. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे काढतो आणि चंद्रराशीच्या मागची, प्रत्यक्ष तिची आणि पुढची अशा तीन राशींना पीडा देतो. अडीच त्रिक साडेसात. बारा राशींची फेरी पुरी करायला त्याला अडीच गुणिले बारा, म्हणजे सुमारे तीस वर्षे लागतात. ज्योतिषी येथे थांबतात, कारण पुढचा गुणाकार त्यांच्या धंद्याला अडचणीचा आहे. बारांपैकी तीन राशी सदैव साडेसातीत, म्हणजे राशींवर माणसे सारखी वाटली गेली आहेत असे धरले, तर कोणत्याही क्षणी लोकसंख्येचा चौथा हिस्सा शनीच्या ताब्यात असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास भरली. पावकीने तिचे पावणेतीन कोटींच्या वर होतात. एवढ्या माणसांची पीडा एकट्या ग्रहाने, कारकुनांचा ताफा हाताशी नसता, वेळच्या वेळी पोहोचती करावी, हे खरोखर कौतुकास्पद आहे.

चौथा हिस्सा म्हटले की मराठ्यांच्या राज्याचे दफ्तर डोळ्यांपुढे येणे अपरिहार्य आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा पाव. इथपर्यंत पावकी पुरे. पण आलेल्या चौथाईचे पुन्हा वाटे झाले. शंभर रुपये चौथाई धरली, तर पंचवीस रुपये बाबती म्हणून राजाचे, सहा रुपये साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, तीन रुपये नाडगौडा, आणि उरलेले सहासष्ट ऐन मोकासा म्हणून सरदारांकडे. एकाच गावावर दोन-तीन धन्यांचे निरनिराळे अपूर्णांक चढलेले, आणि असे गाव शेकड्यांनी. म्हणजे प्रत्येक अपूर्णांकाला गावांच्या संख्येने गुणायचे, आलेल्या फळाची दुसऱ्याच्या फळाशी वजावट करायची आणि बाकी तिसऱ्याच्या नावे लावायची. हा गुंता फडातील कारकुनाखेरीज कोणालाही उलगडत नसे. राज्य तलवारीने मिळविले आणि पावकीने टिकविले, असे विधान करण्याचा मोह होतो. पण तलवारीच्या बाजूचे लोक अजून संवेदनशील आहेत.

१ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे सोळा आणे रद्द करून शंभर नवे पैसे केले, तेव्हा या सात जणींची सद्दी संपली असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी त्यांची गरज पडली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव नवा पैसा तर टांकसाळीने पाडलेला नव्हता; म्हणून परिवर्तनाच्या कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे ठरले. आता सव्वासहा गुणिले सोळा हे शंभर खरे, पण सहा गुणिले सोळा हे शहाण्णवच. म्हणजे ज्याने सोळा ठिकाणी एकेक आणा फुटकळ भरला त्याचे चार नवे पैसे वाचले, आणि ज्याने तीन-तीन आणे पाच ठिकाणी मोजले त्याला पाचाला पावकी लावून सव्वा पैशाची तोशीस लागली. रुपया मोडताना जो चाणाक्षपणा आमच्या वाण्याउदम्यांनी त्या काळी दाखविला, त्याचे मूळ परवच्यात होते, हे त्या मंडळींनी स्वतः कधी कबूल केले नसते.

दशमान पद्धतीने राज्यकारभारातील अपूर्णांक मात्र नाहीसे झाले नाहीत. ते संविधानात जाऊन बसले. विधान परिषदेच्या रचनेविषयी अनुच्छेद १७१ मध्ये असे आहे, की एक तृतीयांश सभासद स्थानिक संस्थांनी निवडावेत, एक तृतीयांश विधानसभेने, एक द्वादशांश पदवीधरांनी आणि एक द्वादशांश शिक्षकांनी. उरतील ते राज्यपालांनी साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतून नामनिर्देशित करावेत. आमच्या परिषदेची सभासदसंख्या ७८. तिला एक द्वादशांशाने गुणले असता उत्तर साडेसहा येते. आयुष्यभर अपूर्णांकांचे गुणाकार शिकविणाऱ्या वर्गाच्या वाट्याला सभागृहात साडेसहा माणसे यावीत, हा योगायोग घटनाकारांनी हेतुपुरस्सर जुळविला असेल असे म्हणवत नाही. त्यांनी ‘शक्य तितक्या जवळपास’ अशा अर्थाचे शब्द घालून वाट मोकळी ठेवली, आणि त्या वाटेने शिक्षक सात झाले. पदवीधरही त्याच हिशेबाने साडेसहाचे सात झाले. स्थानिक संस्थांचे बावीस आणि विधानसभेचे तीस मिळून दोन तृतीयांशांचे बावन्न अचूक भरतात. तेव्हा अर्धा शिक्षक आणि अर्धा पदवीधर यांनी मिळून जी एक संपूर्ण खुर्ची पटकावली, ती राज्यपालांच्या तेरांतून गेली, आणि नामनिर्देशित सभासद बारा राहिले. त्या तेराव्या खुर्चीवर कोण बसला असता, याविषयी महाराष्ट्रातील साहित्यिकांत आश्चर्यकारक एकवाक्यता आहे. ज्याला विचारावे त्याला तो गृहस्थ अगदी जवळून परिचित असतो. केवळ संकोचामुळे तो नाव घेत नाही.